नसीमबाईंची अर्धी शर्यत

नसीम मुजावर यांना मागून येऊन कुणी पुढे गेलेलं खपत नसे. पळताना तर नाहीच, साधं चालतानाही नाही. दिल्लीत पहाडगंजातल्या आमच्या मराठी शाळेच्या गल्लीत सकाळी सायकलरिक्षा, हातगाड्या आणि स्वस्त हॉटेल शोधत फिरणारे पाठपिशवीवाले गोरे यांची एकच गर्दी असते. त्या गर्दीत माझ्याशी बोलता बोलता बाई मध्येच गप्प व्हायच्या. मी ओळखायचे, कुणीतरी आम्हाला ओलांडून गेलंय. मग माझं वाक्य अर्ध्यावर टाकून त्या सुटायच्या. मी धापा टाकत फाटकाशी पोचायचे तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून उभ्या असायच्या, जणू काही झालंच नाही.

"कुठं राहिलीस गं, सुमन?"

त्या आमच्या शाळेत पीटी शिकवायच्या आणि मी मराठी. आम्ही दोघी मयूर विहारच्या एकाच सोसायटीत राहायचो. त्या दुसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. त्यांचे यजमान रफीकभाई केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. दोघंही मिरजेची. घरात आपापसात तिकडची दखनी बोलायची, आमच्याशी मराठी, भाजीवाल्याशी हिंदी. दिल्लीतल्या लोकांना नाव ऐकल्यावर वाटायचं, आता हे उर्दूत काहीतरी नजाकतीचं बोलणार. बाई म्हणायच्या, "भैया, वो गवार कोवळी है क्या?" भाजीवाला 'कोवळी' या शब्दावर विचार करत बसायचा.

अंगाने त्या काटक होत्या. रंग उन्हाने रापलेला, केस आखूड कापलेले. आवाज मात्र त्या देहातून येतो यावर विश्वास बसू नये असा. शाळेच्या मैदानावर लाउडस्पीकर होता, पण बाई असताना तो कुणी लावला नाही. पोरांना त्या 'मुलांनो' म्हणायच्या नाहीत, 'गाडी' म्हणायच्या. "गाडी, उजवीकडे वळ!" की साठ पोरांची रांग, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, उजवीकडे वळायची. दिल्लीत वाढलेल्या आमच्या पोरांना डावं-उजवं मराठीत कळायची मारामार. बाईंच्या तासाला सगळ्यांना कळायचं.

कॉलेजात असताना त्या आठशे मीटर पळायच्या. पुढे लग्न, दोन मुलं, बदल्या. चाळिशीनंतर एक दिवस त्यांनी मुलाचे बूट घातले, आत कापूस कोंबला आणि यमुनेच्या पुश्त्यावर, म्हणजे नदीच्या बांधावर, पळायला गेल्या. तेव्हा आमच्याकडे बायका पार्कात फार तर जोरात चालायच्या, तेही घोळक्याने. सलवार-कमीज घालून एकटी पळणारी बाई म्हणजे तमाशाच. सुरुवातीचं वर्षभर रफीकभाई स्कूटरवरून मागे मागे जायचे, कानटोपी घालून, पहिल्या गिअरमध्ये. एकदा दोन टवाळ पोरं ओरडली, "आंटी, कौन पीछे पड़ा है?"

बाईंनी मागे बोट केलं. "मेरा आदमी. बीस साल से पीछे है, अभी तक पकड़ नहीं पाया."

रफीकभाई हा किस्सा स्वतः सांगायचे, आणि सांगताना लाजायचे. ते फार हळू बोलणारे, जपून वागणारे गृहस्थ. गॅस बंद केलाय का ते दोनदा बघणारे. थर्मास घेतल्याशिवाय ते कुठे जात नसत. बाई बाहेर पडताना रोज त्यांची कानटोपी दोन्ही हातांनी खाली ओढायच्या, कान झाकले जाईपर्यंत. मे महिना सोडला तर उरलेले अकराही महिने त्या माणसाला थंडी वाजायची.

मग पुण्याचं झालं.

बाई पुण्याला पूर्ण मॅरेथॉन पळायला गेल्या. तयारी चांगली होती. अर्ध्याच्या पुढपर्यंत सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. तिथे एक तरुण मुलगी मागून आली आणि जाता जाता म्हणाली, "चला काकू, चला!" तिने आपलं चांगल्या मनाने म्हटलं असेल. पण बाईंचं डोकं फिरलं. ऊन चढलेलं होतं, पाण्याच्या टेबलापाशीही त्या थांबल्या नाहीत. त्या मुलीला त्यांनी गाठलं, मागे टाकलं, आणि शेवटची कमान दिसायला लागल्यावर रस्त्यावर कोसळल्या.

पुढचं मला रफीकभाईंनी सांगितलं, तेही एकदाच. दवाखान्यात बाईंनी डोळे उघडले. रफीकभाईंकडे बघितलं. आणि नम्रपणे विचारलं, "आपण कोण?"

"दुपारभर मी तिला सांगत होतो, सुमनताई," ते म्हणाले, "मी रफीक. ती मान हलवायची आणि परत विचारायची. परक्या माणसाकडे बघावं तशी बघायची हो माझ्याकडे."

संध्याकाळी बाई भानावर आल्या. त्यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. म्हणून असेल, त्यांच्या दृष्टीने प्रकरण संपलं होतं. पुढच्या जानेवारीत मुंबईला पळायचं त्यांनी परतीच्या गाडीतच ठरवून टाकलं. रफीकभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' म्हटलं. सोसायटीत आमच्या घरापर्यंत ऐकू येईल असं भांडण झालं, म्हणजे बाई ऐकू आल्या. रफीकभाई काय म्हणत होते ते जिन्यातसुद्धा ऐकू आलं नाही. दोनतीन दिवसांनी तोडगा निघाला. मुंबईआधी बाईंनी एक अर्धी मॅरेथॉन पळून दाखवायची, पण शर्यत म्हणून नाही, तालीम म्हणून. ठरवलेल्या वेगाने. कुणी पुढे गेलं तरी जाऊ द्यायचं. आणि शेवटी रफीकभाईंसमोर आपल्या पायांवर उभं राहून धड दोन वाक्यं बोलायची. तेवढं जमलं तर मुंबईची तिकिटं.

"दोनच?" बाई म्हणाल्या. "मी दोनशे बोलेन."

"दोन," रफीकभाई म्हणाले. "पण मला ओळखून."

त्या सुमारास नोएडाच्या पलीकडे शेतं संपून रुंद रस्ते सुरू झाले होते. दोन्ही बाजूंना न बांधलेल्या इमारतींच्या जाहिराती, त्यात पोहण्याचे तलाव आणि हसरी कुटुंबं. अशाच एका बांधकाम कंपनीने आपल्या नव्या वसाहतीच्या प्रचारासाठी डिसेंबरात अर्धी मॅरेथॉन ठेवली. बाईंनी नाव घातलं. पुढचे दोन महिने त्यांनी आपल्याच स्वभावाशी झुंज दिली. पहाडगंजच्या गल्लीत कुणी पुढे गेलं की त्या माझं मनगट धरायच्या. "धर मला. सोडू नकोस." बोटं रुतायची माझ्या हातात. पुश्त्यावर एकदा दूधवाला सायकलवरून पुढे गेला, तर बाईंनी उभं राहून, डोळे मिटून, तो दिसेनासा होऊ दिला. घरी येऊन म्हणाल्या, "सुमन, पळण्यापेक्षा लई अवघड आहे गं हे."

त्या रविवारी पहाटे धुकं इतकं होतं की सोसायटीच्या फाटकावरून रस्त्याचा दिवा दिसत नव्हता. माझे यजमान दौऱ्यावर होते, म्हणून मी त्या दोघांबरोबर गेले. टॅक्सीवाला खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकत होता. मला वाटलं, शर्यत पुढे ढकलतील. पण तिथे मंडप सजला होता, ढोलवाले आले होते, आणि मंचावर कोट घातलेला एक तरुण माइकवर ओरडत होता, "गुड मॉर्निंग, नोएडा!" पाहुणे वेळेवर आले होते, त्यामुळे धुक्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

बाईंनी रफीकभाईंची टोपी खाली ओढली, माझ्या पाठीवर एक थाप दिली आणि गर्दीत शिरल्या. शिटी झाली. ढोल वाजले. थोडा वेळ पावलांचा आवाज येत राहिला, मग तोही धुक्याने गिळला.

पळणारे सरळ जाऊन लांबच्या वळणावरून त्याच रस्त्याने परत येणार होते. रस्त्याची एक बाजू त्यांच्यासाठी बंद ठेवली होती. मध्ये लाल शंकू लावले होते आणि ठिकठिकाणी कंपनीची स्वयंसेवक पोरं उभी होती. आम्ही दोघं कमानीजवळच्या दोरीला टेकून उभे राहिलो. रफीकभाईंनी थर्मास छातीशी धरला होता. मी चहा घ्या म्हटलं तर म्हणाले, "तिच्यासाठी आहे."

पहिले आले ते चपळ, वाऱ्यासारखे. मग तरुण मुलं, फौजी, ऑफिसांचे गट. धुक्यातून एकदम माणूस उगवायचा, आणि दर वेळी रफीकभाई एक पाऊल पुढे टाकायचे, दर वेळी मागे घ्यायचे. बाईंची यायची वेळ झाली. ती टळली. येणाऱ्यांची रांग विरळ झाली, आणि मग एकाएकी कुणी येईनाच.

तेवढ्यात एक सरदारजी धावत आले. कमानीखालून गेले, पण थांबले नाहीत. तडक मंचाकडे वळले आणि माइकवाल्यावर ओरडू लागले. "ट्रक चल रहे हैं उधर! कोन हटा दिए हैं! पागल हो क्या?"

नंतर कळलं की वेळ संपली असं समजून, थंडीने काकडलेली स्वयंसेवक पोरं शंकू उचलून टेम्पोत बसून निघून गेली होती. पुढचे लोक आले म्हणजे सगळे आले असं त्यांना वाटलं. रस्ता मोकळा झाला आणि अडलेले ट्रक सुटले.

रफीकभाई मंचापाशी गेले. त्यांचा आवाज त्या ढोलात ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांनी त्या कोटवाल्याची बाही धरली. "मेरी मिसेस उधर है."

"अंकल, सब अंडर कंट्रोल है. आप बैठिए ना."

त्याच वेळी लांब कुठेतरी ब्रेक करकरले. मग एक दबका आवाज. मग काहीच नाही. ढोलवाल्यांनीही हात थांबवले. थोड्या वेळाने एक ॲम्ब्युलन्स आमच्यासमोरून धुक्यात घुसली.

रफीकभाईंनी माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. दोरी वर करून ते रस्त्यावर उतरले आणि चालायला लागले. मी मागे पळाले. "भाई, थांबा! कडेने चला!" डाव्या हाताला दुभाजकाचा कठडा होता, त्याला हात लावत आम्ही जात होतो. दहा पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं. उजव्या बाजूने ट्रकचे पिवळे दिवे उगवायचे, हॉर्न अंगावर यायचा, आणि वाऱ्याचा झोत देऊन तो निघून जायचा. रफीकभाई काहीतरी पुटपुटत होते. दुआ असेल असं मला वाटलं. जवळ गेले तर ते म्हणत होते, "दोन वाक्यं कशाला मागितली मी. कशाला मागितली."

मग ऐकू आलं.

आधी वाटलं, भास आहे. धुक्याच्या पोटातून, खूप लांबून, आमच्या शाळेचं मैदान ऐकू येत होतं. "डावा! उजवा! डावा! गाडी, कठड्याला चिकटून!" मग हिंदीत, "हाथ मत छोड़ना! कोई हाथ नहीं छोड़ेगा!" रफीकभाई जागच्या जागी थांबले. त्यांनी कठड्याला धरलं. आवाज जवळ येत होता, पण मध्येच तो चिरकला, फाटला, आणि बंद झाला. मग टाळ्या सुरू झाल्या. एका तालात, एक-दोन, एक-दोन.

आणि धुक्यातून ती गाडी आली. सगळ्यात पुढे एक टकले साहेब, त्यांच्या खांद्यावर एका जाड्या मुलाचा हात, त्याच्यामागे दोन बायका, मग एक म्हातारबाबा, कॉल सेंटरचं नाव छापलेल्या बनियनमधली पोरं, एकामागे एक, वीसेक माणसं, पहिलीतल्या पोरांसारखी एकमेकांचे खांदे धरून. रस्त्याच्या बाजूने, रांगेच्या बाहेर, ट्रकांच्या अंगाला बाई चालत होत्या. टाळ्या वाजवत. त्यांच्या आणि रांगेच्या मध्ये गुलाबी टोपीची एक मुलगी त्यांच्या कमीजचं टोक मुठीत धरून रडत चालली होती.

"नसीम!"

बाईंनी बघितलं. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

रफीकभाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी बाईंचे दोन्ही खांदे धरले. "नसीम, मी कोण? सांग, मी कोण?"

बाईंचे ओठ हलले. नुसती हवा आली. त्यांनी गळ्याकडे हात नेला, मान हलवली. रफीकभाई तेच विचारत राहिले, मी कोण, मी कोण. मग बाईंनी दोन्ही हात वर केले, त्यांची कानटोपी पकडली आणि कान झाकले जाईपर्यंत खाली ओढली.

ते कठड्यावर बसले आणि रडले. बाईंनी त्यांच्या हातातला थर्मास काढून घेतला, चहा ओतला, आणि पहिला कप त्या गुलाबी टोपीवालीला दिला.

काय झालं होतं ते त्याच मुलीने सांगितलं. वळणानंतर ती बाईंना ओलांडून पुढे गेली होती, आणि बाईंनी तिला जाऊ दिलं होतं. थोडं पुढे गेल्यावर धुक्यातून अंगावर दिवे आले. ट्रकने शेवटच्या क्षणी हिसका मारला म्हणून ती वाचली; पण मग तिचे पाय उचलेनात. ती कठड्याला चिकटून उभी राहिली. मागून बाई आल्या, त्यांनी तिला एकदाच बघितलं आणि पळणं थांबवलं. मग दोघी तिथेच उभ्या राहिल्या आणि बाई धुक्यात हाका मारू लागल्या. मागून येणारा प्रत्येकजण त्या आवाजाच्या रोखाने येत गेला आणि रांगेत लागत गेला. "मैंने कहा, आंटी, अब चलें," ती मुलगी म्हणाली. "बोलीं, पीछे से पैरों की आवाज़ आ रही है, रुक." शेवटचा म्हातारबाबा येईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

त्यांच्याही पुढे पळणाऱ्या एका तरुणाला मोटारीचा धक्का बसला होता. जिवावरचं होतं ते हातावर निभावलं. प्लास्टर घालून तो दुसऱ्या दिवशी घरी गेला. कंपनीचे लोक नंतर फुलं घेऊन आमच्या सोसायटीत आले. बाईंनी दार उघडलं, फुलांकडे बघितलं, आणि बोलता येत नसतानाही त्यांना जे सांगायचं ते अशा नजरेने सांगितलं की ती माणसं फुलं घेऊन परत गेली.

आठवडाभर त्यांना आवाज नव्हता. शाळेत त्या टाळ्यांवर पीटी घेत होत्या. घरी मात्र नवंच भांडण चालू होतं. रफीकभाई तिकिटं काढायला निघाले होते आणि बाई खुणांनी नाही म्हणत होत्या. मी वर गेले तेव्हा रफीकभाई मला म्हणाले, "बघा हो, सुमनताई. म्हणते, तालीम पूर्ण झाली नाही. अर्ध्यावर सोडली. आणि दोन वाक्यं बोलले नाही, म्हणजे मी हरले."

"भाई, तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, मी प्रश्नच चुकीचा काढला होता." इतकं ठाम बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. शर्त म्हणजे शर्त, त्यांना पळवाट नको होती. शेवटी आवाज परत आला, तो एका सकाळी नाश्त्याला. रफीकभाई सांगतात, बशी खाली ठेवून घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "तुम्ही रफीक मुजावर. चहात साखर कमी आहे."

त्या दिवशी दुपारी ते ऑफिसातून अर्धी रजा टाकून तिकिटांच्या रांगेत उभे राहिले.

मुंबईच्या दिवशी मी सकाळपासून फोनपाशी होते. चूल बंद, आंघोळ तशीच. दहा वाजले, अकरा वाजून गेले. नातेवाइकांचे दोन फोन आले, त्यांच्याशी मी धड बोललेही नाही. मग रफीकभाईंचा आला. मागे खूप कालवा होता.

"उभी आहे," ते म्हणाले. "आणि बोलतेय. सुमनताई, ती थांबतच नाहीये."

दीड वर्षाने रफीकभाईंची नागपूरला बदली झाली. त्यांच्या निघायच्या दिवशी आमच्या फाटकाबाहेर मेट्रोच्या खांबांसाठी रस्ता उकरलेला होता आणि उरलेल्या फटीतून जाण्यासाठी बस, टेम्पो, रिक्षा सगळे एकमेकांत अडकले होते. सामानाचा ट्रक आधीच गेला होता. टॅक्सीत रफीकभाई मागे बसले, थर्मास मांडीवर. टॅक्सी फाटकाबाहेर निघाली आणि तिथेच रुतली. नागपूरची गाडी चुकणार अशी चिन्हं होती. गॅलरीतून मला दिसलं, टॅक्सीचं दार उघडलं आणि बाई उतरल्या. प्रवासाची चांगली साडी नेसलेल्या, पायात चपला. त्यांनी एका बसवाल्याला मागे सारलं, एका रिक्षावाल्याला दंड धरून बाजूला केलं, टेम्पोला हात दाखवून थांबवलं. फट मोकळी झाली. टॅक्सीवाल्याला वाटलं बाई बसल्या, आणि तो सुसाट सुटला.

बाई क्षणभर रस्त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. मग त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, निऱ्या दुसऱ्या हाताने वर उचलल्या, आणि पळाल्या. टॅक्सीच्या मागच्या काचेतून रफीकभाईंचे दोन्ही हात हलताना दिसत होते. बसमधली माणसं खिडक्यांतून डोकी काढून बघत होती, कुणीतरी शीळ घातली. पुढच्या वळणाच्या अलीकडे बाईंनी टॅक्सी गाठली, बरोबरीने गेल्या, पुढे गेल्या, आणि वळून हातातली चप्पल बॉनेटवर हाणली. त्या हसत होत्या. एवढ्या लांबूनही मला ते कळत होतं.